कामाचा ताण आणि तोंडाचं आरोग्य : नाशिकच्या सरकारी-निमसरकारी कर्मचाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

जिल्हा परिषद, महापालिका, महसूल, पोलीस, एसटी, महावितरण, नाशिकरोडचे दोन्ही छापखाने, एकलहऱ्याचं वीजकेंद्र, ओझरचं एचएएल, शाळा आणि आरोग्य केंद्रं. इथे नोकरी करणारी मंडळी दाताच्या दवाखान्यात खुर्चीवर बसल्या बसल्या जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्न शक्यतो त्यांच्याच बोलीत ठेवले आहेत. उत्तरं दंतवैद्याची आहेत, त्यामुळे सगळी आवडतीलच असं नाही.

टेन्शनने दात किडतात का? सरळ सांगा.

टेन्शनने थेट नाही किडत. कीड लागायला तोंडातले जंतू, साखर आणि भरपूर वेळ लागतो. वरिष्ठांच्या मेमोने कीड लागत नाही. पण मेमो आल्यावर तुम्ही जे करता त्याने लागते. चहाच्या फेऱ्या वाढतात, रात्री ब्रश न करताच आडवं होता, तंबाखूचे दोन बार असतील ते सहा होतात, आणि ठणकणारी दाढ ‘मार्चअखेर होऊ दे, मग बघू’ म्हणत गोळीवर ढकलता. हे ढकलणंच सगळ्यात महाग पडतं. नुसती भरून भागलं असतं ती दाढ रूट कॅनॉलवर जाते, आणि रूट कॅनॉलने वाचली असती ती काढायची वेळ येते.

दात आवळणं, हिरड्या, तोंड येणं आणि तोंडाला कोरड, या चार बाबतींत मात्र ताणाचा हात जास्त सरळ दिसतो.

सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो, कानशिलं दुखतात. दाढ दुखते म्हणून एक्स-रे काढला तर कीड नाही. मग दुखतं काय?

बहुतेक वेळा स्नायू. झोपेत तुम्ही दात खात असाल, किंवा दिवसा नकळत दातांवर दात आवळून धरत असाल. एरवी जेवताना-गिळताना धरून वरचे आणि खालचे दात दिवसभरात जेमतेम १५ ते २० मिनिटं एकमेकांना टेकतात. बाकीचा सगळा वेळ त्यांच्यात फट असायला हवी. आवळणाऱ्या माणसाच्या दातांना तासन्‌तास ही सुट्टी मिळत नाही, आणि गालातला चावण्याचा स्नायू दिवसअखेर पोटरीत गोळा यावा तसा ताठ होतो.

आरशात स्वतः पाहा. जिभेच्या कडांवर दातांचे ठसे, गालाच्या आतून दातांच्या रेषेत पांढरी आडवी ओळ, सुळ्यांची टोकं घासून सपाट, पुढच्या दाताचा बारीक टवका गेलेला, गार पाण्याने अचानक सळक. यातली दोन-तीन लक्षणं जुळली तर दंतवैद्याला तसं सांगा, कारण घाईच्या ओपीडीत डॉक्टर कीड शोधतो आणि स्नायू दाबून पाहायचं राहून जातं. कधी दाढेला केसासारखी चीर गेलेली असते. ती एक्स-रेत सहसा दिसत नाही, फक्त एखाद्या कोनातून चावलं की जीव जातो.

दिवसा आवळण्याची ठिकाणं ठरलेली असतात: मंत्रालयाशी व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स) चालू असताना, पोर्टलवर माहिती भरताना सर्व्हर बसला की, आणि चालकांचं विचाराल तर कसारा घाट. कोविडनंतर हे फार वाढलं, आणि तेही जगभर. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२१ साली दंतवैद्यांना विचारलं तेव्हा ७० टक्क्यांहून अधिक जणांनी दात खाणारे-आवळणारे रुग्ण वाढल्याचं सांगितलं.

झोपेत दात खाणं म्हणजे पोटात जंत ना?

मोठ्या माणसाला जंतांची गोळी देऊन दात खाणं थांबल्याचं आम्ही पाहिलेलं नाही. आजीचा मान राखून एवढंच म्हणतो. मोठ्यांमध्ये ताण, झोपेचा बिघाड, संध्याकाळचा कडक चहा-कॉफी, दारू, तंबाखू आणि काही औषधं यांच्याशी त्याचा संबंध असतो. जोडीला मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकून दचकून उठणं आणि दिवसा टेबलावर डुलक्या असतील तर झोपेतल्या श्वासरोधाची तपासणी करून घ्या. ते दातापेक्षा मोठं दुखणं आहे, आणि गाडी चालवणाऱ्या माणसाने तर त्यात एक दिवसही घालवू नये.

मग उपाय काय? नाईट गार्ड लावला की सुटका?

गार्ड दात वाचवतो, सवय मोडत नाही. दातांचं माप घेऊन कडक अॅक्रिलिकचा बनवलेला गार्ड रात्री घातला की झीज त्याची होते, दातांची नाही. गरम पाण्यात मऊ करून चावायचे तयार गार्ड ऑनलाइन मिळतात. मऊ गार्ड काही जण जास्तच चघळतात. माझं मत त्यांच्या विरुद्ध आहे.

दिवसा आवळण्यावर मात्र फुकटचा आणि चांगला उपाय आहे. ‘न’ म्हणताना जीभ जिथे टेकते तिथे ती हलकी टेकवून ठेवा, ओठ मिटलेले, दात सुटे. या स्थितीत आवळता येतच नाही. अडचण फक्त आठवण राहण्याची आहे. संगणकाच्या कडेला एक टिकली चिकटवा, ती दिसली की जबडा तपासा. चालकाने प्रत्येक सिग्नलला तपासावा. रात्री झोपण्यापूर्वी गालावर दहा मिनिटं गरम कपड्याचा शेक घ्या. शेंगदाणे, फुटाणे, कडक भाकरीच्या कडा, च्युइंगम यांना काही दिवस रजा द्या. आणि फोन मान वाकडी करून खांद्यात धरायचा नाही.

जबड्यात नुसती ‘टक्‌’ वाजत असेल, दुखत नसेल, तर घाबरू नका. दुखतं, अडकतं किंवा तोंड पूर्ण उघडत नाही, असं झालं की दाखवा.

ब्रश करताना रक्त येतं. त्याचाही टेन्शनशी संबंध जोडणार का?

पहिला संबंध दातावरच्या थराशी, म्हणजे साफसफाईशी. ताण त्यात भर घालतो. टेन्शन लांबलं की शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढं राहतं आणि जंतूंना आवर घालणारी यंत्रणा ढिली पडते. तेवढ्याच थराला हिरडी जास्त सुजते.

यावरचा एक जुना प्रयोग मला फार आवडतो. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातला, १९९८ साली प्रसिद्ध झालेला. दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची बारीकशी जखम केली: एकदा उन्हाळी सुट्टीत, एकदा परीक्षेच्या तोंडावर. माणसं तीच, जखम तेवढीच. परीक्षेतली जखम भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले, म्हणजे सुमारे ४० टक्के उशीर. परीक्षेच्या दिवसांत सुट्टीइतकी लवकर जखम एकाचीही भरली नाही. माणसं मोजकीच होती हे खरं, पण दाढ काढून लगेच वसुलीच्या दौऱ्यावर निघणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

नोकरीच्या ताणावरही पाहण्या झाल्या आहेत. ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंते शहरातल्या ३५ ते ४४ वयाच्या कामगारांची एक पाहणी १९९२ साली प्रसिद्ध झाली. कामाचा मानसिक भार जास्त असलेल्यांच्या हिरड्यांची स्थिती वाईट आढळली. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, संबंध दिसतो. दवाखान्यात आम्हाला दिसतं ते याला धरूनच आहे.

मधुमेह असेल तर गाठ आणखी घट्ट बसते. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्यांची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी ‘मला रक्त येत नाही’ यावर खूश होऊ नये. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, रक्त दिसत नाही आणि आजार आतून वाढत राहतो.

दात साफ करून घेतले की ढिले होतात म्हणे?

नाही. दात आधीच ढिले झालेले असतात, मधे दगडासारखा थर त्यांना धरून बसलेला असतो. तो निघाला की खरं कळतं.

बंदोबस्तावरून आलेल्या एका तरुण सहकाऱ्याच्या हिरड्या आठवड्यात सडल्यासारख्या झाल्या, तोंडाला घाण वास. असं अचानक होतं?

होतं, आणि त्याला नावही आहे. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांमध्ये ते इतकं दिसायचं की इंग्रजीत ‘ट्रेंच माउथ’ म्हणायला लागले. झोप नाही, धड जेवण नाही, धूम्रपान, ब्रश नाही आणि डोक्यावर ताण, हे एकत्र आलं की दोन दातांमधलं हिरडीचं टोक खाल्ल्यासारखं होतं, आपोआप रक्त येतं आणि हात लावू देत नाही इतकं दुखतं. दंतवैद्याकडून सफाई आणि त्याने लिहून दिलेलं औषध मिळालं की चार दिवसांत फरक पडतो. मेडिकलवाल्याला विचारून गोळ्या घेत बसलात तर गेलेली हिरडी परत येत नाही.

चहा बंद करायचा का?

चहा बंद करा म्हणणारा डॉक्टर नाशिकमध्ये टिकायचा नाही. बंद नको, पद्धत बदला.

साखर तोंडात गेली की जंतू आम्ल तयार करतात. दातावरचा पीएच ५.५ च्या खाली उतरला की वरचं कवच विरघळायला लागतं, आणि लाळ ते सावरायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त घेते. म्हणून किती साखर खाल्ली याइतकंच किती वेळा खाल्ली हे महत्त्वाचं. फाइल वाचत एक कप पाऊण तास घोट-घोट पुरवणारा माणूस दातांचं जास्त नुकसान करतो. पाच मिनिटांत कप संपवून पाण्याची चूळ भरणारा कमी. दोन चमचे साखरेच्या कपात ८ ते १० ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. तीन चहांत तेवढं संपलं, आणि सोबतची बिस्किटं अजून धरलेली नाहीत. ऑफिसात चहा सगळ्यांचा एकत्र, गोडच येतो हे मला ठाऊक आहे. निदान एक किटली बिनसाखरेची ठेवायला कॅन्टीनवाल्याला सांगा. मधुमेही सहकारी तुम्हाला दुवा देतील.

अॅसिडिटीने आंबट पाणी वर येत असेल तर लगेच ब्रश करू नका. साध्या पाण्याने चूळ भरा, अर्ध्या तासाने ब्रश करा. मऊ झालेलं कवच ब्रशने खरवडून निघतं.

माझी ड्यूटी फिल्डवर. दिवसभर तोंड कोरडं पडतं.

हा प्रश्न विचारणाऱ्या बहुतेक बायका असतात आणि कारणही त्यांना माहीत असतं. बंदोबस्तावर, पंचनाम्याला, लसीकरणाच्या फेरीत, एसटीच्या लांब पल्ल्यावर स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नाही, म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. मूत्रमार्गाचं दुखणं त्याने होतं हे सगळ्या सांगतात. दातांकडे लक्ष जात नाही. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि दातांचं रक्षण सगळ्यात जास्त तीच करते. पाणी तोडलं की लाळ घटते, चिकट होते, हिरडीलगतच्या भागात कीड धरते, तोंडाला वास येतो.

यावर ‘पाणी प्या’ म्हणणं ही थट्टा होईल. बंदोबस्ताचा किंवा दौऱ्याचा आराखडा करताना स्वच्छतागृहाची जागा ठरवणं हे अधिकाऱ्याचं काम आहे, कर्मचाऱ्याच्या दाताशीही त्याचा संबंध आहे. तोवर तुमच्या हातात एवढंच: दर तासाला दोन घोट पाण्याने तोंड ओलं करा, बिनसाखरेचं च्युइंगम चघळा (जबडा दुखत नसेल तर), लिमलेटच्या गोळ्या चोखू नका, आणि रात्रीचा ब्रश फ्लोराइडच्या पेस्टने न चुकता करा.

बीपी, झोप, डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत. दाताच्या डॉक्टरला त्या सांगायच्या का? लाज वाटते.

सांगायच्याच. नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. फ्लुऑक्सेटीन, सर्ट्रालीन यांसारख्या काहींनी दात आवळणं सुरू होऊ शकतं. बीपीसाठीच्या अॅम्लोडिपीनने काहींच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात. गोळी स्वतः बंद करू नका; लिहून देणाऱ्या डॉक्टरशी बोलून पर्याय निघतो. खुर्चीतलं बोलणं कार्यालयात जात नाही.

सारखं तोंड येतं. पोट साफ नाही म्हणून?

गाल-ओठाच्या आतले, पिवळट तळ आणि लाल कडेचे लहान फोड ताणाच्या दिवसांत उठतात हे खरं. निवडणुकीच्या कामावरचे शिक्षक याचं उत्तम उदाहरण. ते ७ ते १४ दिवसांत आपोआप बरे होतात. दर महिन्याला येत असतील तर हिमोग्लोबिन, बी-१२ आणि फॉलिक अॅसिड तपासा. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं नवं नाही. पेस्टमध्ये सोडियम लॉरिल सल्फेट (फेस आणणारं रसायन) असेल तर ते नसलेली वापरून पाहा. टोकदार दात किंवा सैल कवळी एकाच जागी घासत असेल तर ती नीट करून घ्या. बेंबीत तेल घालायला हरकत नाही, फोडावर मात्र त्याचा उपयोग होत नाही.

दोन आठवड्यांत न भरलेली जखम, दुखत नसली तरी, दाखवलीच पाहिजे.

हल्ली मिसळ सोसत नाही. तर्री तोंडाला लागली की आग होते.

सुपारी खाता का? गुटखा, मावा, सुगंधी सुपारी, काहीही? हा प्रश्न मी लगेच विचारतो, कारण वर्षानुवर्षं झणझणीत मिसळ पचवलेल्या माणसाला एकाएकी तिखट सोसेनासं होणं हे तोंड आवळत जाण्याच्या आजाराचं पहिलं लक्षण असू शकतं. सुपारीमुळे गालाच्या आतलं अस्तर पांढरट, ताठ होतं आणि तोंड हळूहळू कमी उघडतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का पाहा. जात नसतील तर आजच्या आज सुपारी बंद. ताठ झालेलं अस्तर पूर्वीसारखं होत नाही, आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. ‘मी तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो’ हा बचाव चालत नाही. नुसती सुपारीही कर्करोगकारकांच्या यादीत आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तो कुठे मिळतो हे मला रुग्णांकडूनच कळतं.

तंबाखूने डोकं शांत होतं, खोटं का बोलू?

शांत होते ती तंबाखूच्या मागच्या बारानंतर उतरलेल्या निकोटिनमुळे आलेली बेचैनी. ती बेचैनी तंबाखूनेच तयार केलेली असते, म्हणून न खाणाऱ्याला अकरा वाजता तशी तलफ येत नाही. सकाळची मशेरीही यातच मोडते, दात घासण्यात नाही. सोडायचं ठरवलं तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे. ताणाबद्दलच बोलायचं असेल तर टेलि-मानस १४४१६, दिवसरात्र, मराठीतही.

सिंहस्थाची ड्यूटी लागणार हे नक्की. आधी काय करून ठेवू?

३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुख्य स्नानं. त्या महिन्यांत रजा मिळणार नाही हे आजच धरून चाला. अर्धवट सोडलेलं रूट कॅनॉल आणि कॅप न बसवलेली दाढ ही दोन कामं आधी संपवा. रूट कॅनॉल झालेली उघडी दाढ ऐन गर्दीत फुटते. तिरकी अक्कलदाढ वर्षातून दोनदा सुजत असेल तर तीही आधी काढून मोकळे व्हा. पिशवीत ब्रश ठेवा. रात्रपाळी असेल तर ‘रात्रीचा ब्रश’ म्हणजे तुम्ही ज्या वेळी झोपता त्याआधीचा, मग ते सकाळचे नऊ का असेनात. छापखान्यातल्या आणि एकलहऱ्याच्या पाळीवाल्यांनाही हेच.

दाढ रात्री ठणकली तर सकाळपर्यंत काय?

कोमट मिठाच्या पाण्याने चुळा, डोकं उशीवर उंच, आणि तुम्हाला चालत असलेली साधी वेदनाशामक गोळी पाण्याबरोबर. गोळी दाढेपाशी दाबून ठेवू नका, हिरडी भाजते. लवंग तेलाचा बोळाही दाताच्या खड्ड्यातच, हिरडीवर नाही. तंबाखू दाबणं तर नकोच. आणि वायरमन मंडळींना जाता जाता: वायर दाताने सोलणं बंद करा. पुढच्या दातावर पडलेली खाच बघून आम्ही खातं ओळखतो.

रजा कुठून आणू? आणि खर्च?

पाच दिवसांचा आठवडा असलेल्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून शनिवार मोकळा आहे. दाताच्या कामासाठी तो उत्तम. पोलीस, एसटी, दवाखाने यांना ती सोय नाही. त्यांनी साप्ताहिक सुट्टीची वेळ आधी घ्यावी आणि दोन-तीन बैठकांचं काम एका लांब बैठकीत होईल का ते विचारावं. बऱ्याचदा होतं.

खर्च परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयाचा दंत विभाग आहे. पंचवटीत महात्मा गांधी विद्यामंदिराचं कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो, पैसे कमी. कंत्राटी कर्मचाऱ्यांनी आपला राज्य कामगार विमा कापला जातो का ते पगारपत्रकात पाहावं. मासिक वेतन २१ हजारांपर्यंत असलेल्या पात्र कामगारांसाठी सातपूरला विमा रुग्णालय आहे. कायम कर्मचाऱ्यांनी प्रतिपूर्तीत काय बसतं हे उपचाराआधी आस्थापना शाखेत विचारावं. दिसण्यासाठीच्या कामाचं बिल सहसा नामंजूर होऊन परत येतं.

शनिवारची वाट न पाहता कधी यायचं?

गालावरची सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखालून गळ्याकडे सरकत असेल, ताप असेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर लगेच, आणि दवाखाना बंद असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात. अपघातात मोठ्या माणसाचा अख्खा दात पडला तर तो मुळाला हात न लावता उचला, दुधात ठेवा आणि तासाभराच्या आत पोचा. तो परत बसू शकतो. आणि जिना चढताना किंवा बाचाबाचीत खालचा जबडा दुखायला लागला, सोबत घाम, छातीत दडपण, दम, तर दाताच्या डॉक्टरकडे येऊच नका. १०८ ला फोन करा.